बाभूळ 'अ‍ॅकेशिया' राहिली नाही, हे ठरवलं कोणी?

माळरानी

शाळेच्या आवारातल्या झाडांना पाट्या लावायचं काम अंगावर घेतलंय. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव, एवढंच. वड, चिंच, आंबा, कडुनिंब बिनबोभाट उरकले. बाभळीपाशी घोडं अडलं. जुन्या पुस्तकांत सरसकट 'अ‍ॅकेशिया निलोटिका', आताच्या याद्यांत 'व्हॅचेलिया निलोटिका'. हिवरही अ‍ॅकेशियातून उठून व्हॅचेलियात गेलाय. खैर तर तिसरीकडेच, 'सेनेगालिया कॅटेचू'.

पाटीवर नवीन नाव घालायला माझी ना नाही. पण झाड तेच, शेंगा त्याच, त्या खाणाऱ्या शेळ्याही त्याच. मग नाव बदलायचा हक्क कोणाला, आणि तो कुठे बसून वापरतात? त्याहून खटकलं ते असं, की रस्त्याकडेला लावलेली ती बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन बाभूळ मजेत 'अ‍ॅकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस'च आहे. भाडेकरूने घरमालकाला बाहेर काढावं तसला प्रकार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टोकदार

यांना दुसरे उद्योग नाहीत, दुसरं काय! नाव बदललं की एक शोधनिबंध, परत पहिल्यावर आणलं की दुसरा. आमचे आजोबा बाभळीला बाभूळ म्हणायचे, आम्हीही म्हणतो. लोकांची नावं टिकतात.

माळरानी

@टोकदार, लोकांच्या नावात तरी एकच झाड असतं का? देवबाभूळ वेगळी, रामकाठी वेगळी. 'वेडी बाभूळ' म्हणाल तर तुम्ही कुठल्या तालुक्यात उभे आहात ते आधी विचारावं लागतं. कुठे ती अमेरिकेतून आलेली प्रोसोपिस, कुठे पिवळ्या फुलांची पार्किन्सोनिया.

हर्बेरियमवाली

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. कोणती झाडं एका गटात बसतात हे ठरवणं म्हणजे वर्गीकरण. तो विज्ञानाचा प्रश्न, त्याला पुरावे लागतात आणि त्यात मतभेदही असतात. त्या गटाने कोणतं नाव लावायचं हा मात्र निव्वळ नियमांचा प्रश्न. त्याची संहिता आहे, कलमं आहेत, अपवाद आहेत, आणि साधारण सहा वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये त्यावर मतदान होतं. बाभळीच्या बाबतीत गट विज्ञानाने फोडला, नाव मतदानाने गेलं.

आधी गटाचं सांगते. (प्रजाती म्हणजे वरचा गट, जाती म्हणजे त्याच्या आतला. वर्तमानपत्रांत हे सर्रास उलटं छापतात.) आजची दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटारम' काढलं त्यात बाभूळ आणि लाजाळू एकाच प्रजातीत होत्या, मिमोसा निलोटिका आणि मिमोसा पुडिका. पुढच्याच वर्षी फिलिप मिलर या इंग्रज बागवानाने अ‍ॅकेशिया वेगळी मांडली. नंतर खूण अशी ठरली, की फुलात पुष्कळ पुंकेसर आणि ते सगळे सुटे असले की झाड अ‍ॅकेशियात टाकायचं. आफ्रिका, आशिया, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कुठूनही आलेलं असो. असं करत साडेतेराशेच्या आसपास जाती जमल्या.

ही मोट फार मोठी झालीय अशी कुरकुर जुनी आहे. १९८६ मध्ये लेस्ली पेडली या ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे तीन भाग करायचा प्रस्ताव मांडला. पुढे डीएनएचे पुरावे आले आणि शंकेला जागाच उरली नाही. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅकेशियांचं नातं आपल्या बाभळीपेक्षा शिरीष आणि रेन ट्री यांच्या गोतावळ्याशी जास्त जवळचं निघालं. सुटे पुंकेसर हे एकाच पूर्वजाकडून आलेलं लक्षण नव्हतंच. मग या सगळ्यांना एका प्रजातीत ठेवायचं तर शिरीष आणि रेन ट्रीही आत घ्यावे लागले असते. म्हणून मोट सुटली. मोठे तीन गट झाले: ऑस्ट्रेलियन, सुमारे हजार जातींचा, बाभूळ-हिवरांचा, १६०च्या आसपास, आणि खैराचा, २००च्या घरात. शिवाय अमेरिकेतले दोन छोटे.

नावाचं काय झालं ते जेवण झाल्यावर लिहिते.

फॉरेस्टवाले काका

ताईंचं चालू द्या, तोवर मी रानातलं सांगतो. डीएनए बिएनए आम्हाला कळत नव्हतं, पण बाभूळ आणि खैर एका माळेतले नाहीत हे रोपवाटिकेतल्या बाईलासुद्धा हाताने कळायचं.

बाभळीची कोवळी फांदी घ्या. पान जिथे फुटतं बरोबर तिथे, देठाच्या दोन अंगांना, दोन सरळ पांढुरके काटे. हे पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचेच काटे झालेले असतात. लहान झाडावर बोटाएवढे लांब, म्हातारं झाड मात्र बऱ्याचदा जवळजवळ बिनकाट्याचं. आता खैराची फांदी. इथेही जोडीच, पण पानाच्या किंचित खाली, आखूड, तपकिरी आणि मांजराच्या नखासारखी वाकडी. सदऱ्याला धरली की पुढे जाऊ देत नाही, मागे सरकून सोडवावं लागतं. हा काटा सालीच्या वरच्या थरातून आलेला.

फुलं बघा. बाभळीचे पिवळे गोंडे गोल, खैराचे फिकट तुरे लांबोडे. बाभळीची शेंग दोन बियांमध्ये आवळलेली, माळेसारखी, करडी, मऊ लव असलेली. खैराची चपटी, तपकिरी, पातळ.

आणि ती ऑस्ट्रेलियन. कोकणात आम्ही हेक्टरांनी लावली, आता त्यावर बोलायला नको. तिच्या 'पानाला' पान म्हणू नका. बी रुजलं की पहिली एकदोन पानं अगदी बाभळीसारखी, बारीक पानोळ्यांची येतात. मग देठ चपटा व्हायला लागतो, पानोळ्या गळतात, आणि पुढे नुसते देठच रुंद होऊन कोयत्यासारखे लटकतात. एकाच रोपावर तिन्ही अवस्था दिसतात. शाळेत पाट्या लावताय तर मुलांना एक कुंडी रुजवून दाखवाच.

गणू मास्तर

काका, दंडवत! हे पुस्तकात नाही. जूनमध्ये कुंडी नक्की.

हर्बेरियमवाली

काकांनी काट्यांचं सांगितलं ते सोळा आणे खरं. व्हॅचेलिया आणि सेनेगालिया ओळखायची पहिली खूण तीच.

आता नाव. प्रजातीचं नाव तिच्या व्याख्येला बांधलेलं नसतं, एका जातीला बांधलेलं असतं. तिला त्या प्रजातीची 'प्रकार' जाती म्हणतात. आणि जातीचं नाव एखाद्या हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) एका नमुन्याला किंवा एखाद्या चित्राला बांधलेलं असतं. व्याख्या कितीही बदला, गट फोडा, जोडा. नाव त्या नमुन्याबरोबर जातं. गट फुटला की ज्या तुकड्यात प्रकार जाती असेल त्याने जुनं नाव ठेवायचं, बाकीच्यांनी उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं दुसरं नाव घ्यायचं किंवा नवीन द्यायचं. यात कोण मोठं, कोण प्रसिद्ध, याला किंमत नाही.

अवांतर: चित्र प्रकार म्हणून चालतं ते कसं, याचं उत्तम उदाहरण 'हॉर्टस मलाबारिकस'. कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ मध्ये बारा खंडांत छापून घेतलेला ग्रंथ. इट्टी अच्युतन वैद्यांच्या बरोबरीने रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य त्यात होते, आणि त्यांचं नागरी अक्षरातलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. लिनियसने त्यातली चित्रं मनसोक्त वापरली. त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक झाडांच्या नावांचा दोर आज त्या चित्रांना बांधलेला आहे.

तर अ‍ॅकेशियाची प्रकार जाती कोणती? १९१३ मध्ये ब्रिटन आणि ब्राऊन या अमेरिकनांनी ती निवडून ठेवली होती. अ‍ॅकेशिया निलोटिका. म्हणजे आपली बाभूळ!

माळरानी

म्हणजे नियमाने नाव बाभळीचंच होतं? मग माझा राग रास्तच होता की.

हर्बेरियमवाली

नियमाने बाभळीचंच. पण संहितेत एक पळवाट आहे, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. नियम तंतोतंत पाळल्याने फार उलथापालथ होणार असेल तर प्रस्ताव मांडून नाव 'संरक्षित' करून घेता येतं, प्रकारही बदलून घेता येतो. २००३ मध्ये टोनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन या दोन ऑस्ट्रेलियनांनी तसा प्रस्ताव दिला: अ‍ॅकेशियाचा प्रकार निलोटिका न ठेवता अ‍ॅकेशिया पेनिनर्व्हिस ही ऑस्ट्रेलियन जाती करा. हजार नावं बदलण्यापेक्षा दीडशे बदलणं बरं, असा हिशेब.

मेलबर्नची मावशी

मी इथे बरीच वर्षं आहे, तर इकडची बाजू मांडते. इथे वॉटल (ऑस्ट्रेलियन अ‍ॅकेशियांचं इकडचं नाव) म्हणजे नुसतं झाड नाही. गोल्डन वॉटल हे १९८८पासून देशाचं अधिकृत फूल, १ सप्टेंबरला वॉटल डे. क्रिकेटच्या हिरव्या-सोनेरी कपड्यांतलं सोनेरी तेच.

पण भावना बाजूला ठेवा. नाव गेलं असतं तर या हजार जातींना 'रॅकोस्पर्मा' म्हणावं लागलं असतं. अ‍ॅकेशिया लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, रॅकोस्पर्मा नपुंसकलिंगी. म्हणजे दुसरा शब्दही लिंगाप्रमाणे बदलणार: अ‍ॅकेशिया पिक्नँथाची रॅकोस्पर्मा पिक्नँथम. बियाण्यांच्या याद्या, रोपवाटिका, वनखाती, कायदे, सगळीकडे दोन्ही शब्द खोडून लिहा. बाभळीचं तसं काहीच झालं नाही. व्हॅचेलिया स्त्रीलिंगीच, त्यामुळे 'निलोटिका' जशीच्या तशी राहिली. तुमचं अर्धंच नाव गेलं गं!

टोकदार

वा मावशी, म्हणजे ज्यांची संख्या जास्त त्यांचं नाव! मी जरा शोधाशोध केली तर आणखी मजा कळली. 'अ‍ॅकेशिया' हा शब्द ग्रीकांनी इजिप्तच्या काटेरी झाडासाठी वापरलेला, त्याच्या मुळाशीच टोक किंवा काटा आहे असं म्हणतात. तो आता बहुतांशी बिनकाट्यांच्या गटाला. आफ्रिकेतल्या गवताळ रानावर छत्रीसारखं पसरलेलं ते फोटोतलं झाड, तेही आता व्हॅचेलिया टॉर्टिलिस. आणि दक्षिण आफ्रिकेत ज्या ऑस्ट्रेलियन वॉटलने नद्याकाठ गिळले, जी उपटायला सरकार पैसे खर्च करतं, ती ब्लॅक वॉटल मात्र सन्मानाने अ‍ॅकेशिया.

आणि मतदान म्हणता ना? २००५ला व्हिएन्नात जवळपास ५५ टक्के मतं या बदलाच्या विरोधात पडली होती. तरी बदल झाला. ही कुठली लोकशाही?

हर्बेरियमवाली

@टोकदार, आकडा बरोबर आहे आणि आक्षेपही वजनदार आहे. आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी तोच घेतला. झालं असं: प्रस्ताव आधी समित्यांकडे गेला आणि त्यांनी तो मान्य करा अशी शिफारस केली. समितीची शिफारस सभेत उलटवायची तर ६० टक्के मतं लागतील, असा तिथला दंडक. उलटवू पाहणारे ५५च्या आसपास थांबले. शिवाय मतं नुसती माणशी नसतात, हर्बेरियमनाही मतं असतात, आणि मोठी हर्बेरियम कोणत्या देशांत आहेत ते वेगळं सांगायला नको. पुढची काँग्रेस २०११ला भरली ती नेमकी मेलबर्नमध्ये. (मावशी, हसू नका.) तिथे हा विषय पुन्हा उकरला गेला, पण या वेळी स्पष्ट बहुमताने जुना निर्णय कायम झाला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर निकाल सोयीचा होता, पण तो मिळवायची रीत चांगली नव्हती. हरणारी बाजू जास्त मतं घेऊन हरते तेव्हा पुढची वीस वर्षं लोक जुनंच नाव लिहीत राहतात, आणि आपल्याकडे तेच चाललंय.

एक गोष्ट मात्र या भांडणात हरवते. खैराचं नाव दोन्ही निकालांत गेलंच असतं. बाभूळ जिंकली असती तरी खैर तिच्या गटात नाहीच. मतदानाने गमावलं ते बाभूळ, हिवर, देवबाभूळ यांनी. आता महाराष्ट्रातल्या मूळच्या झाडांत एकही अ‍ॅकेशिया उरलेली नाही, आहेत त्या सगळ्या लावलेल्या.

वाचनमात्र

छान चाललाय धागा. एक बाळबोध प्रश्न. हे 'व्हॅचेलिया' आलं कुठून? आणि नावापुढे 'एल.' कधी कंसात, कधी कंसाबाहेर असतं, त्याचा काही अर्थ आहे का? मला वाटायचं छपाईची गंमत.

हर्बेरियमवाली

प्रश्न बाळबोध नाही, कंसात अख्खा इतिहास असतो. आंब्याचं नाव 'मँगिफेरा इंडिका एल.'. कंस नाही, म्हणजे लिनियसने १७५३ला ज्या प्रजातीत ठेवला तिथेच तो आजही आहे. बाभळीचं 'व्हॅचेलिया निलोटिका (एल.) हर्टर अँड मॅब.'. कंसातला लिनियस म्हणजे 'निलोटिका' हे त्याने दिलं, पण दुसऱ्या प्रजातीत. कंसाबाहेरच्या हर्टर आणि मॅबर्ली यांनी ते २००८मध्ये व्हॅचेलियात हलवलं. खैराच्या कंसात 'एल.एफ.' दिसेल. तो लिनियसचा मुलगा.

व्हॅचेलिया हे नाव नवीन नाहीच. मद्रासेकडे नोकरीला असलेला रॉबर्ट वाइट आणि त्याचा जोडीदार वॉकर-अर्नॉट यांनी १८३४ला देवबाभळीसाठी ते काढलं होतं. मकाऊमधला पाद्री जॉर्ज व्हॅचेल झाडं गोळा करायचा, त्याच्या नावावरून. नंतर फारसं कोणी वापरलं नाही, पण नियमानुसार छापलेलं नाव मरत नाही. पावणेदोनशे वर्षांनी बाभळीला तेच सापडलं.

टोकदार

म्हणजे 'निलोटिका'त नाईलचं नाव आणि 'व्हॅचेलिया'त मकाऊच्या पाद्र्याचं नाव, मध्ये आमची बाभूळ. बरं, प्राण्यांचंही असंच का?

गणू मास्तर

प्राण्यांची संहिताच वेगळी. त्यांची सुरुवात लिनियसच्याच 'सिस्टेमा नॅचुरी'च्या १७५८च्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. चितळ 'अ‍ॅक्सिस अ‍ॅक्सिस', नाग 'नाजा नाजा' असं प्राण्यांत चालतं, वनस्पतींत दोन्ही शब्द तेच असलेलं नाव बादच. आणि दोन्ही संहितांचा एकमेकींशी संबंध नसल्याने कोबीवरची पांढरी फुलपाखरंही 'पायरिस' आणि हिमालयातलं एक झुडूपही 'पायरिस'. मुलांना हे सांगितलं की वर्ग जागा होतो.

मेलबर्नची मावशी

नावं बदलायचीच तर वाईट नावं आधी बदला की. स्लोव्हेनियाच्या गुहांतला एक आंधळा भुंगेरा आहे, १९३७ला त्याला हिटलरचं नाव दिलं, ते अजून तसंच आहे. उलट त्या नावापायी संग्राहक तो पळवतात.

हर्बेरियमवाली

प्राण्यांच्या नावांची संहिता सांभाळणाऱ्या आयोगाने २०२३मध्ये साफ सांगितलं, की नाव आक्षेपार्ह आहे एवढ्यावरून आम्ही बदलणार नाही, स्थैर्य महत्त्वाचं. वनस्पतीवाले २०२४ला माद्रिदच्या काँग्रेसमध्ये वेगळे वागले. आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना शिवी म्हणून वापरला जाणारा एक शब्द शंभरावर नावांत होता, 'काफ्रा'. तो 'आफ्रा' करायचं ठरलं. उदाहरणार्थ एक आफ्रिकन पांगारा, एरिथ्रिना काफ्रा, तो आता एरिथ्रिना आफ्रा. इथे मी मतदानाच्या बाजूने आहे.

गव्हर्नरांची नावं मात्र राहतातच. शिवनेरीवरची शिंदळ माकुडी ही वनस्पती घ्या. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या नावाने 'फ्रेरिया इंडिका' केली. पुढे ती प्रजाती दुसरीत विलीन केली तर नाव झालं 'बुसेरोशिया फ्रेरी'. प्रजाती बुडाली, साहेब मागच्या शब्दात जाऊन बसला!

वाचनमात्र

दसऱ्याच्या शमीचं काही झालं नाही ना? ती प्रोसोपिस सिनेरेरियाच?

हर्बेरियमवाली

शमी शाबूत आहे. २०२२मध्ये प्रोसोपिसही फोडली गेली, पण तिची प्रकार जाती शमीच निघाली आणि या वेळी कोणी पळवाट काढली नाही. बाहेर पडली ती अमेरिकन मंडळी: वर उल्लेख आलेली वेडी बाभूळ, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, आता 'नेल्ट्युमा ज्युलिफ्लोरा'. तिच्यावर काम करणाऱ्यांनी जुने संदर्भ शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर २०२२ आधीचं सगळं निसटेल.

फॉरेस्टवाले काका

ताई, मग करंजाचंही सांगून टाका. आमच्या नोकरीत तो आधी पोंगामिया होता, मग कोणी डेरिस म्हणायला लागलं, निवृत्तीच्या सुमारास मिलेशिया झाला, आणि परवा नातीच्या पुस्तकात बघतो तर परत पोंगामिया.

हर्बेरियमवाली

काका, करंजाला या धाग्यात घेतलं तर पानं पुरणार नाहीत. तुम्ही वेगळा धागा काढा, मी येते.